पहाऱ्याच्या कोंबड्या

वाईट माणसांनी मला नोकरीत फारसा त्रास दिला नाही. वाईट माणूस तोंडावर नाही म्हणतो आणि विषय संपतो. चांगला माणूस "बरं बाय" म्हणतो, घरी जातो आणि आपल्या मनाचंच करतो. सोनुबाई अशी चांगली होती. इतकी चांगली, की तिच्या आठवणीनं अजून माझं डोकं फिरतं.

त्र्याहत्तर-चौऱ्याहत्तरची गोष्ट. मी खालापूर तालुक्यात, चौक गावाच्या अलीकडच्या एका खेड्यात उपकेंद्रावर नर्स होते. आदल्या आश्विनात गावात मेंदूचा ताप आला आणि पोरं दगावली. त्यात सोनुबाईचा नातू पदू होता. सकाळी अंग तापलं, दुपारी झटके यायला लागले, आणि पनवेलला नेता नेता वाटेतच संपला.

ताप कशाचा, ते कोणालाच माहीत नव्हतं. आणि माहीत नसलं की आपल्याकडे बाई शोधतात. ती सापडलीही लगेच. सोनुबाईच्या भिंतीला भिंत लागून चंद्राबाईचं घर. नवरा वारलेला, मूलबाळ नाही, आणि आदल्या दिवशी तिनं पदूला परसातला पेरू दिलेला. झालं! कोणी म्हणे पेरूतून काही घातलं, कोणी म्हणे मूठ मारली. बोलायला सुरुवात सोनुबाईनंच केली. आणि सोनुबाई खोटं बोलत नाही हे अख्ख्या गावाला ठाऊक, त्यामुळे पुढं कोणी विचारायच्या भानगडीत पडलंच नाही. चंद्राबाई विहिरीवर आली की बायका कळश्या उचलून बाजूला होत. पोरांना तिच्या अंगणातून हाका मारून परत बोलावत. तिचा भाऊ मोहोपाड्याला कारखान्यात होता. तो म्हणत होता, घराला कुलूप लाव आणि इकडं ये. तिला जायचं नव्हतं.

"मी गेले तर केलं म्हनूनच गेली, असं व्हईल ना गं, नर्सबाय?" ती मला विचारायची. मी काय सांगणार, कपाळ!

पुढच्या पावसाळ्याच्या तोंडावर मुंबईच्या एका संशोधन संस्थेचे डॉक्टर कारखानीस जीप घेऊन आमच्या भागात आले. हा ताप डासांमधून येतो का, ते त्यांना शोधायचं होतं. त्यांची रीत साधी होती. रक्त तपासून घेतलेल्या पांढऱ्या कोंबड्या शेताकडेच्या घरांत द्यायच्या आणि रात्री उघड्यावर ठेवायच्या. डासांत रोग असला तर चावल्यावर कोंबडीच्या रक्तात त्याची खूण उमटते. कोंबडीला मात्र काही होत नाही. दर महिन्याला पंखाखालच्या शिरेतून थोडं रक्त काढून मुंबईला न्यायचं. "पहाऱ्यावरचे शिपाई समजा," डॉक्टर म्हणाले.

मी हट्टच धरला, की आमच्या गावात ठेवा आणि सोनुबाईच्याच घरी ठेवा. तिच्या स्वतःच्या अंगणातल्या कोंबड्यांनी साक्ष दिली असती, तर चंद्राबाईवरचं किटाळ तिथंच धुतलं गेलं असतं. सोनुबाईचा शब्द गाव मानायचं, म्हणून तिचाच शब्द मला हवा होता.

सोनुबाईनं पिंजरा दोन्ही हातांनी घेतला. "परक्याची ठेव हाय. पीस गळू द्यायची नाय मी."

मी तिला समजावलं. पिंजरा गोठ्याच्या वळचणीला टांगायचा. रात्री आत घ्यायचा नाही. डास चावले तर चावू द्यायचे, त्यासाठीच तर ठेवल्यात.

"बरं बाय," ती म्हणाली.

मी दर आठवड्याला फेरी मारत होते. सकाळी जावं तर पिंजरा वळचणीला, कोंबड्या गुबगुबीत, पाणी ताजं, खाली राख पसरलेली. डॉक्टर तर खूश. म्हणाले, सगळ्या तालुक्यात अशी निगा कोणी ठेवली नाही. मीही सगळ्यांना सांगत सुटले होते, की दसरा होऊ दे, मग बघा.

दसऱ्यानंतर डॉक्टर आले ते जीपमधून उतरलेसुद्धा नाहीत. "तुमच्या गावात काही नाही, बाई. नेरळकडच्या कोंबड्यांत खूण मिळाली. तुमच्या अगदी स्वच्छ. इथलं काम मी बंद करतो."

"मग पोरं कशानं मेली?"

"ते मी कसं सांगू? पुरावा नाही."

"अहो, पुरावा नाही म्हणजे डासानं केलं नाही, असंच गाव म्हणणार!"

"गाव काय म्हणेल, हा माझा विषय नाही." आणि जाता जाता म्हणाले, "कोंबड्या राहू द्या तिथंच. रस्सा करा म्हणावं."

संशोधन करणाऱ्या माणसाला माणसांचा एवढा कंटाळा कसा असतो, हे मला आजतागायत कळलेलं नाही. बातमी माझ्या आधी गावात पोचली होती. दुकानाच्या फळीवर बसून बुधाजी चारचौघांना सांगत होता, "मुंबयचा डाक्टरच बोलून गेला, मच्छर नाय म्हनून. मंग ऱ्हायलं कोन?" आणि सगळे हसले. पलीकडं चंद्राबाई उघड्या दारात भांडी पोत्यात भरत होती. तिला ऐकू जात होतं. शेवटी तिनंही हात टेकले होते; दुसऱ्या दिवशी भाऊ टेंपो घेऊन येणार होता.

तिच्यापुढं उभं राहायचा मला धीर झाला नाही. मी सोनुबाईच्या अंगणात शिरले. दिवेलागण झाली होती. एवढ्या महिन्यांत मी त्या वेळी तिथं कधी आलेच नव्हते. वळचणीला पिंजरा टांगलेला होता, आणि तो रिकामा होता.

आत घरभर शेणीचा आणि कडुलिंबाचा धूर. डोळे चोळत बघते तर चुलीच्या बाजूला मोठं डालगं पालथं घातलेलं, त्यावर धुतलेलं जुनं लुगडं चारी बाजूंनी खोचलेलं. आतून कोंबड्या आरामात कुरकुरत होत्या.

"सोनुबाई, हे काय?"

"निजवल्यात."

"रोज निजवतेस?"

"रोज. दिवा लागला की आत, उजाडलं की भायेर." तिला काही वावगं वाटतच नव्हतं.

"अगं, तुला सांगितलं होतं ना बाहेर ठेव म्हणून! शंभरदा सांगितलं होतं!"

"सांगितलंस की. पन परक्याची जीवं, मच्छरापुढं उघडी कशी टाकायची? तूच ना घरोघर बोलत फिरतीस, मच्छरानं ताप येतो, धूर करा, पांघरून घाला?"

मग माझ्या तोंडून जे सुटलं ते सुटलंच. "म्हणजे तुला पटलंय! डासानं ताप येतो, हे तुला पक्कं पटलंय! मग त्या चंद्राबाईच्या मागं वर्षभर का लागलीस? कोंबडीला वाचवायला डास खरा, आणि बाईला वाचवायची वेळ आली की खोटा? ऊठ. आत्ताच्या आत्ता ऊठ आणि सांग बाहेर जाऊन!"

सोनुबाई उठली नाही. चुलीतलं लाकूड तिनं उगाच मागं ओढलं, पुन्हा पुढं सारलं.

"मच्छरानं मेला म्हनलं," ती म्हणाली, "तर मंग मीच मारला की त्याला."

मला कळेना.

"आत गदमदायचं. निजायचा नाय, रडायचा. त्या म्हैन्यात रोज मीच भायेर ओटीवर घेऊन निजायची. आई त्याची नको बोलायची, मी ऐकलं नाय. घाम येतो म्हनून अंगावरचं बी काढायची." तिनं तोंडावरून पदर फिरवला. "मी जाडं लुगडं लपेटून निजलेली, त्यो उघडा."

एवढा राग घेऊन मी आले होते, आता तो कुठं ठेवू तेच कळेना. सगळ्यांचीच पोरं ओटीवर निजत होती, तुला काय माहीत असणार, असं काहीबाही मी म्हटलं. ते तिनं स्वतःशी हजारदा म्हणून झालं असणार.

"चंद्रीनं केलं म्हनलं, तर मला झोप लागती, बाय."

"आणि तिला?" मी विचारलं.

भिंतीपलीकडून भांड्यांचा आवाज येत होता. तांब्या पोत्यात पडला, मग परात. सोनुबाई ऐकत बसली. मग ती गुडघ्यावर हात देऊन उठली, डालग्यावरचं लुगडं काढलं, डालगं कलतं केलं आणि एकेक कोंबडी काखेत धरून बाहेर पिंजऱ्यात नेऊन सोडू लागली.

"आता काय उपयोग? डॉक्टरांनी काम बंद केलंय."

"तुला टोचता येतंय ना? तूच रक्त काढ, तूच ने."

"आणि त्यात निघालं तर?"

"निघू दे," ती म्हणाली. मग भिंतीकडं तोंड करून तिनं हाक मारली. वर्षभरात पहिल्यांदा. "चंद्रे! टेंपोला नको सांग. रक्त पुन्ना जायचंय मुंबयला."

पलीकडचा भांड्यांचा आवाज थांबला.

सकाळच्या पहिल्या एसटीनं डॉक्टरांशी भांडायला जायचं मी ठरवून टाकलं होतं. पण त्या वेळी काही मला तिथून निघवेना. सोनुबाई ते जुनं लुगडं हातात घेऊन पिंजऱ्याखाली बसली. शेतात पाणी होतं, डासांना काय तोटा! थोड्याच वेळात कोंबड्या पंख झाडायला लागल्या, पाय आपटायला लागल्या, ओरडायला लागल्या. सवयच नव्हती त्यांना. सोनुबाईचा लुगडं धरलेला हात आपसूक वर गेला. तिनं तो खाली आणला, मांडीखाली दाबला आणि तशीच बसून राहिली.