अकरा खराब फोटो

मी एक जुना मोबाइल आहे. बटणांचा, छोट्या पडद्याचा, पाठीवर मुगाच्या दाण्याएवढा कॅमेरा असलेला. वर्धा जिल्ह्यातल्या एका आरोग्य उपकेंद्राच्या टेबलाच्या खालच्या खणात मी पडून आहे. माझ्या शेजारी कापसाची अर्धी गुंडाळी आहे आणि वाळून गेलेला शाईचा पॅड. मित्रांनो, गावाचं नाव मी सांगणार नाही. आंजीहून आत सहा किलोमीटर, एवढंच सांगतो. पुढे जे सांगायचं आहे, त्यानं कुणाची मान खाली जायला नको.

स्वभावानं मी पहिल्यापासून अस्वस्थ. त्यात माझा दोष नाही. टॉवर सापडेपर्यंत मोबाइलच्या जिवाला चैन नसते आणि आमच्या गावात टॉवर कधी धड सापडलाच नाही. म्हणून माझं सांगणंही थोडं धावतपळत होईल. सांभाळून घ्या.

माझा जन्म कुठल्या तरी लांबच्या कारखान्यात झाला. तेव्हाचं मला काही आठवत नाही, कारण माझ्यात बॅटरीच नव्हती. डोळा उघडला तो २००८ सालच्या फेब्रुवारीत, वर्धा शहराला लागून असलेल्या पिपरी मेघेतल्या एका भाड्याच्या खोलीत. तिथं एका छोट्या संस्थेनं खेड्यांतल्या मलेरियाच्या तपासणीवर लांबून लक्ष ठेवायचं काम नुकतंच सुरू केलं होतं. माझ्यासारखे बारा मोबाइल एका सतरंजीवर मांडून ठेवले होते. योगेंद्र नावाचा काटकुळा लॅब टेक्निशियन आम्हाला एकेक करून सिस्टरांच्या हातात देत होता. मी गेलो प्रमिलाबाईंच्या हाती. पन्नाशीच्या, जाड चष्म्याच्या, वीस वर्षं एकाच गावात सुया टोचत आलेल्या बाई. त्यांनी मला पदरानं पुसलं आणि मी त्यांचा झालो.

काम सोपं होतं. तापाच्या माणसाच्या बोटातून रक्ताचा थेंब काढायचा, प्लास्टिकच्या चपट्या पट्टीच्या खळग्यात टाकायचा, वरून द्रावण सोडायचं आणि पंधरा मिनिटं थांबायचं. पट्टीच्या खिडकीत रेघा उमटतात. दोन रेघा म्हणजे मलेरिया. नुसती वरची एक रेघ म्हणजे मलेरिया नाही. आणि वरची रेघच आली नाही, तर पट्टी बाद. ती काय सांगते ते ऐकायचंच नाही. प्रमिलाबाई पट्टी वाचून औषध देत. मग पट्टीशेजारी नावाची चिठ्ठी ठेवून मी फोटो काढायचा आणि तो पिपरी मेघेला धाडायचा. तिथं योगेंद्र पट्टी नीट वापरली की नाही, ती चांगली आहे की खराब, ते पाहणार. "पट्ट्या सांभाळा सिस्टर, वाया जाऊ देऊ नका," त्यानं बजावलं होतं. "कुलपात ठेवा, जपून." हे वाक्य लक्षात ठेवा.

फोटो जायचा तो फक्त एका जागेवरून. गावच्या पाण्याच्या टाकीला लोखंडी जिना आहे, त्याच्या सातव्या पायरीवर. सहाव्या पायरीवर काही नाही, आठवीवर वारा फार. प्रमिलाबाईंचे गुडघे दुखायचे. एका हातात मी, दुसऱ्या हातात साडीच्या निऱ्या, अशा त्या चढायच्या आणि खाली पोरं मोठ्यानं पायऱ्या मोजायची. फोटो गेला की थोड्या वेळानं उत्तर यायचं, "छान". तो शब्द आला की बाई जिन्यावरच हसायच्या. मीही थरथरायचो. कौतुक कुणाला नको असतं?

मग उन्हाळा आला. वर्ध्याचा मे महिना तुम्हाला माहीत नसेल तर नशीबवान आहात. उपकेंद्राच्या खोलीवर टिनाचं छत. खोलीत लोखंडी कपाट. कपाटात, फडक्यात बांधून, कुलपाआड पट्ट्यांचं खोकं. दुपारी बाई मलाही तिथंच ठेवायच्या, हरवू नये म्हणून. मित्रांनो, त्या कपाटात मी काय सोसलं ते मलाच ठाऊक! माझी बटणं हाताला चटका देत. शेजारचं खोकं गप्प होतं. बिचाऱ्या पट्ट्या ओरडू शकत नाहीत. आणि बाई रोज संध्याकाळी कुलूप ओढून बघायच्या, समाधानानं. त्या खरोखर जपत होत्या.

पोळ्यानंतर तापाची साथ आली. पट्ट्या भराभर निघू लागल्या आणि पहिल्याच दिवशी मी चपापलो. वरची रेघ दिसेना. बाई पट्टी उजेडात धरायच्या, चष्मा वर करायच्या, तिरकी करून बघायच्या. "हाय, हाय. फिक्कट हाय," असं स्वतःलाच सांगायच्या आणि वहीत 'मलेरिया नाही' लिहायच्या. त्या खोटं बोलत नव्हत्या. ज्याला रेघ हवी असते, त्याला ती थोडीशी दिसतेच. मला मात्र काहीच हवं नव्हतं, म्हणून मला ती दिसली नाही. मी कोरी खिडकी टिपली आणि धाडली.

उत्तर आलं, "अस्पष्ट. पुन्हा पाठवा."

योगेंद्रला वाटलं, फोटो बिघडला. माझा कॅमेरा काही फार नावाजलेला नव्हता, हेही कबूल करतो. बाईंनी तोच फोटो पुन्हा धाडला, पुन्हा सात पायऱ्या. "अस्पष्ट." तीन माणसांचे तीन फोटो असे परत आले. पुढच्या बैठकीत योगेंद्रनं बारा सिस्टरांसमोर कुणाचे किती फोटो अस्पष्ट, ते वाचून दाखवलं. यादीत एकच नाव होतं. प्रमिलाबाईंनी मान वर केली नाही. येताना एसटीत त्यांनी मला घट्ट मुठीत धरलं होतं. त्यांची मूठ ओली होती.

दुसऱ्या दिवशी त्यांनी टेबलातून स्टीलची छोटी डबी काढली. तिच्यात एक पट्टी होती, फेब्रुवारीतली, शिकताना स्वतःच्याच बोटाची केलेली. वरची रेघ अशी ठसठशीत की आंधळ्यालाही दिसावी. खळग्याच्या कडेला वाळलेल्या रक्ताचा एक बारीक, चंद्रकोरीसारखा डाग. त्या तीन माणसांच्या चिठ्ठ्या बाईंनी एकेक करून तिच्याशेजारी ठेवल्या आणि तीन फोटो काढले.

"छान," उत्तर आलं. तिन्हींना.

तेव्हापासून तोच रिवाज झाला. बाई आधी सवयीनं खऱ्या पट्टीचा फोटो काढायच्या, तो बघून उसासा टाकायच्या, मग डबी उघडायच्या. खरा फोटो पुसायचा कसा, ते त्यांना येत नव्हतं. त्यामुळे तो माझ्या पोटात राहायचा. खोटा वर्ध्याला जायचा, खरा माझ्यात साचायचा. एक झाला, पाच झाले, दहा झाले. मी फोन आहे, मला आवाज आहे, घंटी आहे, आणि तरीही जे सांगायला हवं ते सांगता येत नाही! मी तेव्हा उगाच थरथरायचो. बाईंना वाटायचं, बॅटरी गेली.

अकरावी होती अंजू. आठ वर्षांची, टाकीखाली पायऱ्या मोजणाऱ्यांत तिचा आवाज सगळ्यांत मोठा. मंगळवारी तिची आई सपना तिला कडेवर घेऊन आली. अंजूच्या पट्टीत वरची नाही, खालची नाही, एकही रेघ नव्हती. बाईंनी पट्टी खूप वेळ तिरकी धरली. मग वहीत लिहिलं, तापाच्या गोळ्या दिल्या आणि डबी उघडली.

गुरुवारी सकाळी सपना पुन्हा आली. अंजू तिच्या खांद्यावर लोंबत होती.

"बाई, पोरगी डोये उघडून नाई राह्यली. काल दिवसभर बरळली. मलेरिया तं नाई ना?"

"नाई वो. पट्टीत नाई निघाला. वर्ध्याच्या सरनंबी फोटो पाह्यला, छान म्हनलं त्यायनं."

सपनाचा चेहरा सैल झाला. "वर्ध्यानं म्हनलं तं मंग ठीकच असन," ती म्हणाली आणि पोरीला घेऊन बाकावर बसली.

ते वाक्य मी आजवर विसरलेलो नाही. त्या 'छान'साठी मी किती वेळा आनंदानं थरथरलो होतो! आता त्याच शब्दाच्या भरवशावर एक आई गप्प बसली होती.

पण बाईंना चैन पडेना. त्यांनी अंजूचा हात धरून पाहिला, डोळ्यांच्या पापण्या उघडून पाहिल्या आणि मला घेऊन टाकीकडे निघाल्या, योगेंद्रला विचारायला. सातव्या पायरीवर पाय पडतो न पडतो, तोच माझी घंटी वाजली. योगेंद्रच होता. सकाळपासून लावत होता.

"सिस्टर, एक विचारतो, रागावू नका. तुमचे या महिन्यातले सारे चांगले फोटो एका वळीत लावून पाहून राह्यलो. साऱ्या पट्ट्यायवर एकाच जागी रक्ताचा डाग हाय. अकरा मानसायचा डाग सारखा कसा असन?"

मी बाईंच्या कानाशी होतो. खाली बाकावर सपना दिसत होती. बाई 'नेटवर्क नाही' म्हणून मला बंद करू शकल्या असत्या. आमच्या गावात कुणालाही ते खरं वाटलं असतं.

"एकच पट्टी हाय सर," त्या म्हणाल्या. "माह्या बोटाची. बाकीच्यायचे फोटो चांगले येत नव्हते."

"खरे फोटो कुठं हायत?"

"मोबाइलातच असन. मले मिटवता येत नाई. आन सर, मंगळवारी तपासली ते पोरगी डोये उघडून नाई राह्यली."

"त्या पोरीचा धाडा. आत्ताच्या आत्ता."

दोनदा चुकीचं बटण दाबलं गेलं. शेवटी अंजूचा फोटो निघाला. एवढ्या घाईनं मी आयुष्यात काही धाडलं नाही. लगेच घंटी.

"सिस्टर, हा फोटो अस्पष्ट नाई. फोटो साफ हाय. पट्टीच मेली हाय. हिनं मलेरिया नाई असं सांगितलंच नाई. पोरीले घेऊन निघा, मी दवाखान्याच्या दारात उभा राहतो."

बाई सात पायऱ्या कशा उतरल्या ते मला कळलं नाही. उपकेंद्राचे शिपाई नत्थूजी रस्त्यावर आडवे उभे राहिले आणि भरलेली काळी-पिवळी जीप थांबवली. आतली माणसं काही न विचारता उतरली. वाटेत माझ्या बॅटरीचा एकच दांडा उरला होता. टॉवर येत होता, जात होता आणि योगेंद्र दर गावाला विचारत होता, कुठवर आलात. सपनानं मध्येच बाईंना विचारलं, "पन तुमी तं छान म्हनलं होतं ना?" बाईंनी तिला सगळं सांगितलं, डबीपासून. सपनानं अंजूला बाईंच्या मांडीवरून स्वतःच्या मांडीवर ओढून घेतलं.

दवाखान्यात रक्त पाहिलं. मलेरियाच होता, वाईट जातीचा. अजून एक दिवस घरी राहिली असती तर हाती लागली नसती, असं डॉक्टर म्हणाले. चौथ्या दिवशी अंजूनं डोळे नीट उघडले आणि पाणी मागितलं.

बाई त्याआधीच गावी परतल्या होत्या. माझ्या पोटातल्या उरलेल्या दहा फोटोंवरून त्यांनी दहा चिठ्ठ्या लिहिल्या, नव्या पट्ट्या घेतल्या आणि दारोदार गेल्या. प्रत्येक दारात एकच वाक्य. "मी खोटा फोटो धाडला होता. बोट द्या, पुन्हा तपासतो." म्हातारे पुंडलिकराव खाटेवर उठून बसले आणि म्हणाले, "मंग बाई, आमी येवढा ताप कोनाच्या भरोशावर काढला?" बाईंनी त्यांचं बोट हातात घेतलं. त्यांच्या पट्टीत दोन रेघा आल्या. आणखी दोघांच्याही आल्या. औषधानं तिघंही बरी झाली, पण ती दहा दारं बाईंना टाकीच्या जिन्यापेक्षा उंच गेली.

योगेंद्र गावात आला. त्यानं लोखंडी कपाटात हात घातला आणि चटका बसून झटकन काढला.

"तुमीच म्हनलं होतं सर, कुलपात ठेवा, जपून," बाई हळूच म्हणाल्या.

"म्हनलं होतं," तो म्हणाला. "आन पट्टी मरून राह्यली होती, तं मी फोटोले नावं ठेवत बसलो. एक फोन लावाले काय झालं होतं मले?"

पट्ट्यांना नवी जागा हवी होती. गावातलं सगळ्यांत गार घर कुणाचं, तर सपनाचं. मातीच्या रुंद भिंती, वर कवेलूंचं, म्हणजे कौलांचं, छप्पर. बाई तिला विचारायला कचरत होत्या. सपनानं दाराआडूनच सांगितलं, "आना खोकं. पन रोज दुपारी मी सोता पाहीन, किती तापलं ते." भिंतीवर तापमापक लागला आणि रोज दुपारी तिनं सांगितलेला आकडा माझ्यातून पिपरी मेघेला जाऊ लागला. पुढचा मे आला तरी पट्ट्या जिवंत राहिल्या.

२००९ संपता संपता संस्थेचं काम थांबलं. आरोग्य केंद्रावर आलेल्या नव्या साहेबांनी जुने फोटो काढून टाकायला सांगितले. तोवर बाईंना पुसायला आलं होतं. त्यांनी बाकीचे सगळे फोटो पुसले, डबीतल्या पट्टीचे अकराच्या अकरा सुंदर फोटोही. खराब अकरा ठेवले. मग मला या खणात ठेवलं आणि सवयीनं कुलूप लावलं.

मित्रांनो, आता माझी बॅटरी फुगली आहे, पण तळमळ गेलेली नाही. तुमचंही काम कुणीतरी लांबून बघत असेल. त्याला छान दिसावं म्हणून डबी उघडू नका. जे आहे ते धाडा, मग ते कितीही खराब दिसो. आणि लांबून बघणाऱ्यांनो, 'अस्पष्ट' लिहिण्याआधी एकदा विचारा की बाई, तिकडे काय झालं. वस्तू जपायची म्हणजे कुलपात घालायची नसते. अधूनमधून दार उघडून तिच्यावर हात ठेवून बघायचं असतं.

कधी हा खण उघडलात, तर मला थोडा वेळ वीज द्या. अकरावा फोटो उघडा. चिठ्ठीवर निळ्या शाईत 'अंजू' लिहिलेलं दिसेल आणि शेजारी कोरी खिडकी. तिथं रेघ नाही. घाई करू नका, ती नसलेली रेघ नीट बघा.