एका नंबराची चूक

मी एक जुनी मापपट्टी आहे. मित्रांनो, बुटांच्या दुकानात टाच मागे टेकवून तुम्ही जिच्यावर उभे राहता आणि जिची सरकती चकती तुमच्या अंगठ्याला येऊन भिडते, तीच मी. मला मान असती तर आज ती खाली घालूनच बोलले असते.

शहरातल्या बँकांच्या आणि काचेच्या उंच इमारतींच्या भागात आमचं दुकान आहे. जुने मालक होते तेव्हा माझा काय थाट होता! रोज तेलाचं बोट, मऊ फडकं. पण माप घेऊनही ते बुटाचं टोक अंगठ्याने दाबून पाहत आणि गिऱ्हाइकाला विचारत, "पाय काय म्हणतोय?" मला भारी राग यायचा. माझ्यावर विश्वास नाही म्हणजे काय!

मालक थकले, घरी बसले. नवा विक्रेता आला. माझ्या चकतीचा स्क्रू सैल झाला आणि पाय उचलताच ती एक घर मागे घसरू लागली. मला ते कळत होतं. पण आकडा दिसला की विक्रेता खूश, आणि मीही मिरवत राहिले.

एका सकाळी एक मुलगी वडिलांना घेऊन आली. ते निवृत्त पोस्टमन. पहिल्यांदाच तिच्याकडे आलेले, संध्याकाळच्या गाडीने परत जाणार. तिला त्यांना शेअर बाजाराची इमारत दाखवायची होती, कारंज्याचा चौक दाखवायचा होता, आणि सगळ्यात शेवटी एकविसाव्या मजल्यावरची तिच्या ऑफिसातली खिडकी. त्याआधी हौसेने नवे बूट. मी आठ नंबर दाखवला. पाय नऊचा होता. जुन्या चपला दुकानातच ठेवून दोघं फिरायला निघाली.

उन्हं कलताना परत आली, ते तिच्या खांद्याला धरून लंगडत. कारंज्याच्या पुढे पाऊल टाकवेना. मोजा काढला तर अंगठा रक्ताळलेला.

"काका, घातले तेव्हाच बोचले असतील ना?" विक्रेत्याने विचारलं.

"बोचले की."

"मग बोलायचं नाही का, बाबा?" मुलगी रडकुंडीला आली.

"अगं, एवढं मोठं दुकान, त्यात पट्टीवर आकडा आलेला. म्हटलं, माझंच काहीतरी चुकत असेल."

दारोदार पत्रं पोचवत चाळीस वर्षं चाललेले ते पाय! त्या पायांचं सोडून त्यांनी माझं ऐकलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

विक्रेत्याने ओशाळून बूट बदलून दिले. पण त्या पायांनी आता कुठे जाणं होणार नव्हतं आणि गाडीची वेळही होत आली होती. "खिडकी पुढच्या खेपेला बघू गं," म्हणत ते जुन्या चपला घालून, नवा खोका काखेत धरून गेले. ती पुढची खेप झाली की नाही, मला कधीच कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी माझा स्क्रू आवळला गेला. दोन मिनिटांचं काम होतं.

मित्रांनो, मोजणाऱ्या वस्तूंची निगा राखा, कारण माणसं आमच्यावर फार विश्वास टाकतात. आणि कधी माझ्यावर उभे राहिलात, तर आकडा जरूर बघा. पण बूट बोचला तर तिथल्या तिथे, मोठ्याने सांगा. आता मला राग येणार नाही.