मध्यंतरात विचारायचं होतं

आमच्या घरात महत्त्वाचं काही बोलायचं असलं की सिनेमाला जायची पद्धत होती. डोंबिवलीतल्या दोन खोल्यांत सासू-सासरे, दोन दीर आणि आम्ही. नवरा-बायकोने बोलायचं तरी कुठे? म्हणून टॉकीज, आणि टॉकीजमधलं मध्यंतर. स्वानंद होणार हे मी ह्यांना तिथेच सांगितलं. ह्यांच्या तोंडात वडा होता. असा ठसका लागला की पुढचा निम्मा सिनेमा खोकण्यातच गेला. दहावीनंतर सायन्स घेणार नाही, हे स्वानंदनेही बापाला मध्यंतरातच सांगितलं होतं. लोकांसमोर बाबा ओरडणार नाहीत, हे बरोबर ओळखून होता लबाड.

म्हणून त्याचा फोन आला, "आई, शनिवारी ठाण्याला ये, पिक्चर बघू, आपण दोघंच," तेव्हा मला वाटलं, ह्याच्या लक्षात आहे.

आमची सोसायटी रिडेव्हलपमेंटला गेली आहे. दिवाळीआधी घर रिकामं करायचं, नवीन इमारत उभी राहीपर्यंत दुसरीकडे राहायचं. स्वानंदचे बाबा जाऊन चार वर्षं झाली. मी एकटीच. मला स्वानंदला एवढंच विचारायचं होतं, की मी तुमच्याकडे, तुझ्या नि रचनाच्या घरी, राहायला येऊ का? फोनवर विचारण्यात अर्थ नव्हता. फोनवर तो सगळ्यालाच "बघू गं आई" म्हणतो.

त्याने घरी गाडी पाठवली. मल्टिप्लेक्सच्या दारात एका मुलीने माझी पर्स उघडून आतला नारळाच्या वड्यांचा डबा काढून घेतला. बाहेरचं खाणं चालत नाही म्हणे. बाहेरचं कसलं, घरचं आहे! पण ती ऐकेना, आणि स्वानंद म्हणाला, "आई, जाऊ दे ना." दिलं सोडून.

आतल्या खुर्च्या मात्र झकास, उगाच नावं कशाला ठेवू? बटण दाबलं की पाय वर. अंगावर घ्यायला शाल. गुडघे इतके सुखावले की मी चक्क हसले. फक्त दोन खुर्च्यांच्या मध्ये पाटाएवढा रुंद हात होता. पूर्वी स्वानंद सिनेमात माझ्या दंडावर डोकं ठेवून झोपायचा. आता त्याला काही सांगायचं तर मला अर्धं उठून वाकावं लागत होतं.

मध्यंतर झालं. मी चपला शोधायला लागले.

"कुठे चाललीस? इथेच आणून देतात सगळं. मी मघाशीच ऑर्डर केलेलं."

"अरे, जरा बाहेर उभे राहू. बोलू."

"बाहेर काय, नुसती गर्दी. बस ना."

पडद्यावर जाहिराती सुरू झाल्या, त्या एवढ्या मोठ्याने की छातीत धडधडावं. मी वाकले, पण तोच आधी बोलला. "आई, तुला दाखवायचं होतं." त्याने फोन पुढे केला. कल्याणचा एक फ्लॅट. "लिफ्ट आहे. खाली दवाखाना आहे. भाडं बिल्डरच देणार. रचनालाही आवडला." बोटाने तो एकेक फोटो सरकवत होता. रिकामा हॉल, रिकामं स्वयंपाकघर, रिकामी बाल्कनी. मन लावून शोधलं होतं त्याने, ते दिसत होतं. मला त्याचाच राग आला.

"आणि तुझ्याकडे?" मी म्हटलं. जाहिरातीमुळे ओरडूनच म्हणावं लागलं. "तुझ्याकडे येऊ का मी?"

ऐकलं त्याने. फोन त्याच्या हातात तसाच राहिला. तेवढ्यात दिवे गेले.

"सुरू झालं," तो म्हणाला.

पुढच्या भागात काय झालं ते मला विचारू नका. विनोदी सिनेमा होता. लोक खदखदून हसत होते, आणि मी पडद्याच्या उजेडात माझ्या मुलाकडे बघत होते. रचनाशी माझं कधी वाजलेलं नाही. पण त्यांच्या घरात दोनच खोल्या, आणि दुसऱ्या खोलीत ती दिवसभर ऑफिसचं काम करते. दाराला कडी असते. हे मला माहीत नव्हतं असं नाही. मला फक्त वाटलं होतं की तो म्हणेल, करू काहीतरी.

सगळं थिएटर हसत असताना त्याने शर्टाच्या बाहीने डोळे पुसले. मला उत्तर मिळालं. मला फार एकटं वाटलं, आणि त्याची दयाही आली. माझंच पोर ते.

बाहेर सरकत्या जिन्यावर तो माझ्या पुढच्या पायरीवर उभा होता, माझ्याकडे पाठ करून. खाली पोचल्यावर वळला. "आई, ते मघाशी तू..."

मी त्याला पुरतं बोलूच दिलं नाही. म्हटलं, "कल्याणचं घर बघायला कधी जायचं? बाल्कनी चांगली वाटली."

"उद्याच जाऊ!" तो म्हणाला, आणि कितीतरी वर्षांनी, भर मॉलमध्ये, त्याने मला घट्ट मिठी मारली.