किनाऱ्यावर कोण बसणार?

मित्रांनो, मी एक जुना मास्क आहे. आजारपणात नाकातोंडावर बांधतात तो नव्हे. मी पाण्याखाली बघायचा मास्क. पुढे जाड काच, भोवती काळं रबर, मागे डोक्याला अडकवायचा पट्टा. स्वस्थ बसणं माझ्या स्वभावात नाही. पाण्यात असलो की मी शांत असतो, कोरडा पडलो की माझी चुळबुळ सुरू होते. त्यामुळे माझी कहाणीही मी जरा घाईघाईनेच सांगणार आहे. सांभाळून घ्या.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. रबर तापवून साच्यात दाबलं, काच बसवली आणि मला खोक्यात घालून दुकानात पाठवलं. तिथे मी खिळ्याला लटकत असे. समोर रस्ता आणि रस्त्यापलीकडे गटार. पाणी म्हणून तेवढंच दिसायचं. मला वाटायचं, आपलं नशीबच फुटकं.

पण एक दिवस मला बंदरातल्या एका पाणबुड्याने घेतलं. जहाजांच्या बुडाला चिकटलेले शिंपले खरवडायचे, पंख्यात अडकलेले दोर कापायचे, हे त्याचं काम. तुम्हाला वाटेल, काय चैन असेल, रंगीत मासे, पोवळी. कसलं काय. बंदराचं पाणी म्हणजे तेल, गाळ आणि अंधार. त्याला स्वतःचा हात दिसत नसे. तरी मी खूश होतो, कारण मला काम होतं. पाण्यात उतरण्याआधी तो माझ्या काचेवर आतून थुंकायचा. नाकं मुरडू नका. थुंकी चोळून काच विसळली की तिच्यावर वाफ धरत नाही. काम संपलं की तो मला गोड्या पाण्याने धुऊन सावलीत वाळवायचा आणि सोबत्यांना सांगायचा, "आपला हा गडी कधी गळत नाही." एवढं कौतुक मला पुरत असे.

मग त्याच्या कानाने दगा दिला. डॉक्टरांनी पाण्यात उतरायला बंदी केली. तो बंदरावरच्या गोदामात कामाला लागला आणि मी गेलो कपाटाच्या वरच्या खणात, जुन्या छत्र्यांशेजारी. छत्र्यांना निदान पावसाळ्यात तरी कोणी विचारायचं. मला कोण विचारणार? माझं रबर कडक होत गेलं, पट्टा चिरला, आणि माझा जीव नुसता तळमळत राहिला.

एका रविवारी त्याने मला खाली काढलं, फडक्याने पुसलं आणि बहिणीच्या घरी नेलं. त्या घरात तो 'मामा' होता, म्हणून आता मीही त्याला मामाच म्हणतो. घरातले बाबा शाळेत भूगोल शिकवत. आई पुढच्या खोलीत शिलाईचं काम करी. थोरली मुलगी कॉलेजात होती, धाकटी अजून शाळेत. या सुट्टीत सगळ्यांनी उबदार समुद्राच्या बेटावर जायचं आणि पाण्याखालचं जग बघायचं, असं ठरलं होतं. कुठल्या बेटावर, ते मात्र ठरत नव्हतं.

थोरलीला चांगलं पोहता येत होतं. बाबा बुडणार नाहीत इतपत तयार होते. धाकटीला नुकते हातपाय मारता यायला लागले होते. आईला पोहता येत नव्हतं.

जेवणाच्या टेबलावर नकाशे पसरलेले असत. बाबांच्या मनात एक लांबचं बेट भरलं होतं. तिथे पोवळ्यांची भिंत सरळ खाली उतरत जाते आणि भले मोठे मासे दिसतात, असं त्यांनी वाचलं होतं. मामाही त्यांच्याच बाजूचा. आयुष्य गढूळ पाण्यात गेलेला तो माणूस. त्याला वाटे, जायचंच तर खोल, निळ्या, स्वच्छ पाण्यात जावं. थोरलीने दुसरी एक जागा शोधली होती. पोवळ्यांचं कडं गोल फिरलेलं, लाटा त्या कड्यावर बाहेरच फुटतात, आणि आत संथ, उथळ पाणी आणि वाळूचा तळ.

"हॅट, तिथे काय, गुडघाभर पाणी," बाबा म्हणाले. "एवढा प्रवास करून डबक्यात बसायचं?"

"त्यापेक्षा घरची बादली काय वाईट," मामाने री ओढली.

मग रीतीप्रमाणे आईला विचारण्यात आलं. ती काजं करत होती. मान वर न करता म्हणाली, "मला काय, कुठेही चालेल. मी किनाऱ्यावर सामानापाशी बसेन."

सगळ्यांना हायसं वाटलं. त्या घरात हे नेहमीचंच होतं. पोहण्याच्या तलावावर, जत्रेतल्या पाळण्यापाशी, टेकडीच्या पायथ्याशी, सगळ्यांच्या चपला आणि पिशव्या घेऊन तीच बसायची. सामान बघायला कोणीतरी लागतंच, आणि ते कोणीतरी म्हणजे आई.

माझा चिरलेला पट्टा दुरुस्त करायचं कामही तिच्याकडेच आलं. तिने चिरलेला भाग कापला, जाड इलॅस्टिक घेतलं आणि दुहेरी टिपेने शिवून टाकलं. मग ती थबकली. घरात कोणी नव्हतं. तिने मला चेहऱ्याला लावून आरशात पाहिलं आणि लगेच काढून ठेवलं. दुसऱ्या दिवशी दुपारी ती मला घेऊन न्हाणीघरात गेली. बादली काठोकाठ भरली. बेसिनमध्ये कोणी थुंकलं तर घर डोक्यावर घेणारी ती बाई, पण मामाने सांगितल्याप्रमाणे माझ्या काचेवर थुंकली, काच चोळली, विसळली, गुडघ्यांवर बसली आणि बादलीत तोंड घातलं.

लगेच घाबरून वर आली. पुन्हा तोंड घातलं, पुन्हा वर आली. बादलीत बघण्यासारखं काय होतं? प्लॅस्टिकचा निळा तळ आणि एक बारीक ओरखडा. पण इतक्या वर्षांनी मला पाणी लागलं होतं आणि माझ्या काचेमागे दोन डोळे टक्क उघडे होते. त्यानंतर रोज दुपारी आमचा हा उद्योग चालला. ती श्वास धरायला शिकत होती. मला सगळं कळत होतं आणि बोलता येत नव्हतं. टेबलावर त्या खोल भिंतीच्या गप्पा रंगल्या की माझ्या अंगाची लाही लाही होई. अरे, तिला विचारा. नीट विचारा. पण मास्कचं कोण ऐकतो?

शेवटी भिंतीचं बेट पक्कं झालं. बाबा बुकिंगसाठी फोन करणार होते. मामाही आला होता. आई म्हणाली, "मास्क धुऊन ठेवते, थोरलीला होईल," आणि मला घेऊन आत गेली. मला वाटलं, आता संपलं सगळं. त्या दिवशी ती घाबरली नाही, बराच वेळ पाण्यातून वर आली नाही. नाकाने श्वास ओढायचा नसतो, पण तिने ओढला, आणि मी तिच्या चेहऱ्यावर गच्च आवळून बसलो. मी ते मुद्दाम केलं का? मला आजही सांगता येत नाही.

मग ती मला ओल्या पदरात धरून चहा घेऊन बाहेर आली.

"आई, तुझ्या तोंडाला काय झालं?" धाकटीने विचारलं. आईच्या कपाळापासून गालांवरून वरच्या ओठापर्यंत लालभडक वळ उमटला होता.

"काही नाही. साबण लागला असेल."

मामाने कप खाली ठेवला. तसला वळ त्याने अर्धं आयुष्य आरशात पाहिला होता. "साबणाने असा वळ उठत नाही," तो म्हणाला. "कुठे बुडी मारलीस?"

"बादलीत."

धाकटी हसणार होती, पण थोरलीने तिचा हात दाबला.

"अगं, मग बोलली का नाहीस?" बाबा म्हणाले. "तुला विचारलं होतं ना आम्ही?"

"विचारलं होतंत," आई म्हणाली. "पण तेव्हा टेबलावर नकाशा आधीच उघडलेला होता."

बाबांचा चेहरा पडला. मामाच म्हणाला, "भाऊजी, राहू द्या तो फोन. मीही तुमच्यासारखाच खोल खोल करत बसलो. ती थोरलीची जागा काढा बरं पुन्हा."

मग पहिल्यांदाच आईला मध्ये बसवून जागा बघितली गेली. भीती वाटली तर उभं राहता येईल का? तिथला समुद्र कुठल्या महिन्यात शांत असतो? शिकवणारं माणूस प्रत्येकाच्या जवळ राहतं का? आई शिलाईच्या गिऱ्हाइकाला विचारावेत तसे खोदून खोदून प्रश्न विचारत होती, आणि बाबा उत्तरं शोधत होते.

आम्ही त्या उथळ पाण्याच्या बेटावर गेलो. मी पिशवीत नुसता थरथरत होतो. किनाऱ्यावर शिकवणाऱ्या बाईंनी मला हातात घेतलं, रबर वाकवून पाहिलं आणि आईला म्हणाल्या, "हा नको. रबर कडक झालंय, पाणी आत येईल." त्यांनी तिला दुसरा मास्क दिला. मऊ, पारदर्शक, नवाकोरा.

मित्रांनो, मला वाईट वाटलं. फार वाईट वाटलं. आईलाही वाटलं असावं. तिने मला फेकलं नाही. पिशव्यांच्या ढिगावर ठेवलं आणि माझी काच समुद्राकडे वळवली. शेजारी मामा बसला, कारण त्याच्या कानाला पाणी चालत नव्हतं. म्हणजे सामानापाशी आता मी आणि मामा.

आई पाण्यात शिरली. कमरेएवढ्या पाण्यात, मग छातीएवढ्या. बाईंनी तिचा हात धरला होता. तिने तोंड पाण्यात घातलं आणि ठसकत वर आली. मामा अर्धवट उठला. पण तिचे पाय वाळूला टेकलेले होते. ती उभी राहिली, खोकली, मास्क सारखा केला आणि पुन्हा वाकली. या खेपेला ती वर आलीच नाही. नुसती पाठ आणि श्वास घ्यायच्या नळीचं टोक दिसत होतं. मामा बसायचा आणि पुन्हा उठायचा. माझी अवस्था तर विचारूच नका.

बऱ्याच वेळाने ती निथळत बाहेर आली. बाबा आणि मुली आधीच टॉवेल गुंडाळून बसले होते. "दादा," ती मामाला म्हणाली, "अंगठ्याएवढा निळा मासा होता. माझ्या काचेसमोर येऊन थांबला." मामाने नुसती मान हलवली.

"दमली असशील," बाबा म्हणाले. "बस आता इथे."

आई घोटभर पाणी प्यायली, तोंड पुसून तिने टॉवेल त्यांच्या हातात दिला आणि म्हणाली, "तुम्ही बसा सामानापाशी. मी परत जाते."

उत्तराची वाट न बघता ती वळली आणि चालू लागली. बाबा पिशव्या जवळ ओढून बसले आणि त्यांनी मला मांडीवर घेतलं.

म्हणून सांगतो, मित्रांनो, माझ्यासारख्यांना वापरून झाल्यावर गोड्या पाण्याने धुवा, सावलीत वाळवा आणि वर्षानुवर्षं कपाटात कोंडू नका. रबर एकदा कडक झालं की पुन्हा मऊ होत नाही. आणि घरातलं कोणी 'मला काय, कुठेही चालेल' म्हणालं, तर तेवढ्यावर विषय मिटवू नका. नकाशा मिटवा, आणि पुन्हा एकदा विचारा.