भोंग्याचा सराव

जव्हारच्या स्टँडवर सूर्यमाळची जीप भरेपर्यंत मंजुषाने सगळं बोलणं मनात घोळवून घेतलं. रविनाला परत न्यायचं होतं. चौथीची परीक्षा एप्रिलात, ती बुडाली तर पोर पुन्हा शाळेचं तोंड बघणार नाही, एवढं तिच्या आईला, सखीला, पटवायचं होतं. सराव म्हणजे काय आणि शाळेचं दार त्या दिवशी का उघडता आलं नाही, हेही सांगायचं होतं. मुख्याध्यापकांना, भावाला, शेजारणीला ती हेच सांगत आली होती. पण सांगत आली ती अर्धीच गोष्ट.

मंजुषा मूळची जव्हारजवळच्या जामसरची, शेतकऱ्याची लेक. शिक्षिका म्हणून ती समुद्राकाठच्या एका गावात होती आणि गावाला लागूनच अणुवीज केंद्र होतं. तिचा भाऊ धर्मेंद्र त्याच केंद्रात तंत्रज्ञ. बहिणीची भीती घालवायचं काम सरकारने आपल्यावरच सोपवलंय, अशा थाटात तो जेवताना सुरू होई. धूर नाही, राखेचे ढीग नाहीत, दुसरीकडे मालगाडीभर कोळसा लागतो तिथे इथे मूठभर इंधन पुरतं. धोका आहेच, तोही तो लपवत नसे. जे बाहेर पडेल ते दिसत नाही, त्याला वास नाही, म्हणून तर एवढ्या जाड भिंती, सतत मोजमाप, आणि तरी काही झालंच तर लोकांनी काय करायचं याचा सराव. जामसरच्या भातावर जे कधी झालं नसतं ते या नोकरीने झालं होतं. घर झालं, आईच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. मंजुषाला हे सगळं पटत होतं आणि आजही पटतं. तिचं दुखणं केंद्राचं नव्हतंच.

त्या वर्षी फेब्रुवारीत सराव ठरला. खालीवर होणारा भोंगा वाजला की घरात शिरायचं, दारं-खिडक्या लावायच्या, फटींना ओली फडकी कोंबायची, उघड्यावरचं पाणी प्यायचं नाही. मग सरळ एकसुरी भोंगा होईपर्यंत दार उघडायचं नाही. लोकांना आधी सांगून ठेवायचं काम शिक्षकांकडे आलं आणि मंजुषाच्या वाट्याला वीटभट्टी आली.

भट्टीवर सूर्यमाळकडची माणसं दिवाळीनंतर झोपड्या टाकून राहत. सखी आणि तिचा नवरा बुध्या त्यांतलेच. त्यांच्या रविनाला मंजुषानेच हाताला धरून शाळेत आणलं होतं, दाखल्यासाठी वरिष्ठांशी वादही घातला होता. पण भट्टीवर गेलं की बाया तिला ‘आपली जामसरची पोर’ म्हणून घेरत, डोंगराकडच्या बोलीत तिच्याशी गप्पा मारत, आणि बरोबरचे शिक्षक गालातल्या गालात हसत. म्हणून सरावाचं सांगायला बाईसाहेब भट्टीवर गेल्याच नाहीत. बाजारात भट्टीचा मुकादम दिसला, त्याच्या कानावर घातलं आणि काम झालं असं धरून चालल्या. मुकादमाने कोणाला काही सांगितलं नाही. सरावासाठी विटांचं काम थांबवणारा तो माणूस नव्हता.

भोंगा वाजला तेव्हा चौथीचा वर्ग दारं लावून शहाण्यासारखा बसला होता. पाहणी करायला आलेले साहेब कोपऱ्यातल्या खुर्चीवर होते. थोड्या वेळाने दारावर थापा पडू लागल्या. सखी होती. भट्टीवर कोणीतरी ‘केंद्र फुटलं, हवेत विष आलं’ असं ओरडलं होतं आणि सगळे लांब शेतांकडे पळत सुटले होते. ही एकटी उलटी, केंद्राच्या बाजूला, शाळेकडे धावत आली होती. आईचा आवाज ऐकून रविना उठली. मंजुषाने खांद्यावर हात दाबून तिला खाली बसवलं आणि न बोलण्याची खूण केली.

“काय म्हणतेय ती बाई?” साहेबांनी विचारलं.

“कळत नाही, सर,” मंजुषा म्हणाली. “भट्टीवरची माणसं आहेत. त्यांची भाषा वेगळी.”

सखी दार ठोकत राहिली, मग नुसतीच दाराशी बसून राहिली. एकसुरी भोंगा झाला, दार उघडलं, साहेब शाळेच्या शिस्तीचं कौतुक करू लागले. सखी पोरीला घेऊन निघाली ते मंजुषाने पाहिलं, पण कौतुक सोडून जाववेना. उद्या समजावू, असं ती मनाशी म्हणाली. दुसऱ्या दिवशी मायलेकी भट्टीवर नव्हत्या. बुध्या म्हणाला, सगळं खोटंखोटं होतं हे तिलाही आता कळलंय, तरी ती थांबली नाही, पोरीला घेऊन सूर्यमाळला गेली.

मंजुषा सूर्यमाळला पोचली तेव्हा ऊन चढलं होतं. आटलेल्या ओढ्यात खड्डा करून बाया पाझरलेलं पाणी वाटीने हंड्यात भरत होत्या. सखी आणि रविना तिथेच भेटल्या. मंजुषाने घोळवलेलं सगळं बोलणं धडाधड सांगून टाकलं. परीक्षा, सराव, नियम. दार उघडलं असतं तर खऱ्या वेळी सगळ्या वर्गाच्या जिवाशी खेळ झाला असता, हेही.

सखीने शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

“दार उघड, असा मी कवा बोलली?” तिने विचारलं.

मंजुषाने रविनाकडे पाहिलं.

“दार नको उघडू, इख आत जाईल, असाच वरडत व्हती मी. माझी रवी आत हाय का, तेवढा सांग, इतकाच इचारला. ती कवा कवा शाळा सोडून खाडीवर जाते, खेकड्यांना. मला काय ठावा, आत हाय का खाडीत हाय? आत हाय बोलली असतीस, तर मी भायेरच बसली असती निवांत.”

गोष्टीचा राहिलेला अर्धा भाग तो हा. मंजुषाला त्या दिवशी शब्द न् शब्द कळला होता. दार न उघडता, कुठलाही नियम न मोडता, आतून एक ‘हाय’ म्हटलं असतं तर भागलं असतं. पण ते त्या बोलीत म्हणावं लागलं असतं, साहेबांसमोर. हवेत काही नाही हे तिला माहीत होतं. बाहेरच्या बाईला ते माहीत नव्हतं. या पश्चात्तापाने तिला इतके दिवस झोप नव्हती आणि तरी ती नियमाचं पांघरूण घेऊनच इथवर आली होती.

“परीक्षेचा मला कळतो,” सखी म्हणाली. “रवी येते बोलली, तर ने.”

रविनाने वाटी खाली ठेवली. मंजुषानेच शिकवलेल्या स्वच्छ शाळेच्या मराठीत तिने विचारलं, “बाई, तुम्हाला आमची भाषा येते ना?”

“येते.”

“मग मी आत आहे, हे आयेला का नाही सांगितलं?”

खोटं बोलायला आता जागाच उरली नव्हती. “लाज वाटली,” मंजुषा म्हणाली.

रविनाने आईकडे पाहिलं.

“आमची?”

मंजुषाने होय अशी मान हलवली. पोरीने वाटी पुन्हा उचलली. हंडा भरेपर्यंत ती वाटीने पाणी ओतत राहिली, मग तो डोक्यावर घेऊन आईच्या मागोमाग चढ चढू लागली. एप्रिलात परीक्षा झाली तेव्हा चौथीच्या वर्गात तिची जागा रिकामी होती.