काळा नाग आणि अर्धी दाढी

कफर लौझ गावात, अबू नायेफच्या अंगणात, भर दुपारी वाळूतून नाग निघाला आणि पुढचं अर्धं गाव किंचाळत मागच्या अर्ध्या गावाच्या अंगावर पडलं.

नाग काळा कुळकुळीत, अंगठ्याएवढा जाड. वेटोळं घेत घेत वर येत होता. डोळे नव्हते, जीभ नव्हती. पण तेवढं बघायला थांबतो कोण!

"राखणदार आला! तुर्कांच्या सोन्याचा राखणदार!" हिरव्या फेट्यातले शेख इद्रिस गरजले. "मागं सरा! याला हात लावणाऱ्याचा वंश बुडतो!"

सगळे मागं सरले. ज्यांचं अजून लग्नही ठरलं नव्हतं, ते सगळ्यात आधी.

शंभर वर्षांपूर्वी तुर्कांचं राज्य गेलं तेव्हा पळून जाताना ते सोन्याचे हंडे पुरून गेले, हे अजलूनच्या डोंगरात घराघराला ठाऊक आहे. ते आपल्याच अंगणात पुरले, हेही घराघराला ठाऊक आहे. अबू नायेफने तर अंगणाची चाळण करून ठेवली होती. हाती लागला एक गंजलेला नाल आणि शेजाऱ्याचा पाण्याचा पाइप, तोही फुटल्यावर. म्हणून मग थेट मोरोक्कोचे शेख आणले. सोन्यावरचे जिन्न बांधावेत तर मोरोक्कोच्या शेखांनीच!

स्वयंपाकघराच्या पायरीवर बसून अबू नायेफची पुतणी बतूल हे बघत होती. ती इर्बिदच्या विद्यापीठात मानवशास्त्र घेऊन पदवीच्या तिसऱ्या वर्षाला होती. घरात या विषयाची इज्जत बेताचीच. शेख येणार म्हणताच काकांनी स्वतः फोन केला होता.

"ये गं पोरी! तुझ्या शिक्षणाचा पहिल्यांदाच उपयोग होतोय. तुमच्यात हाडंबिडं उकरतात ना?"

"काका, ते पुरातत्त्ववाले. आम्ही जिवंत माणसांत जाऊन राहतो, त्यांच्याशी बोलतो."

"मग फी कसली घेतात?"

तरीही ती आली, कारण तिला प्रकल्पासाठी एखादा विधी जवळून पाहायचा होता. तिचे प्राध्यापक डॉ. निझार यांची सक्त ताकीद होती : लोकांच्या श्रद्धेला हसायचं नाही, ती श्रद्धा काय काम करते, कुणासाठी करते, ते विचारायचं. बतूल हसली नव्हती. खरं सांगायचं तर नाग निघाला तेव्हा तिच्याही अंगावर काटा आला होता.

"सोनं सोन्याला ओढतं," शेख आता मुद्द्यावर आले. "बायकांच्या अंगावरचं सोनं या फडक्यात बांधा, खड्ड्यात ठेवा. मग देणाऱ्यांनी तीन पायऱ्या चढायच्या. पहिली, माणसांतून तुटणं : अनवाणी, मुक्यानं, घराबाहेर. दुसरी, अधांतर : ना इकडचे, ना तिकडचे. तिसरी, नवे होऊन परत येणं. मधली पायरी कठीण! न्हाव्याच्या खुर्चीतून अर्ध्या दाढीनं उठलेला माणूस पाहिलाय? ना दाढीवाला, ना बिनदाढीचा. तसं होतं!"

"वा!" अबू नायेफने मान डोलावली. "याला म्हणतात ज्ञान!"

बतूल ताठ बसली. याला म्हणतात दुसऱ्या वर्षाचा पेपर! विधीच्या तीन पायऱ्या, हा हमखास येणारा प्रश्न होता. अर्धी दाढी तर डॉ. निझार यांचा स्वतःचा विनोद. दरवर्षी त्याच तासाला ते तो सांगत आणि एकटेच हसत. तिने शेखांच्या चेहऱ्यावरून मनातल्या मनात फेटा उतरवला, दाढी काढली. मुहन्नद! झरका शहरातला मुहन्नद, कॉलेजात दोन वर्षं पुढचा. नव्या मुलींना तोच म्हणाला होता, "या विषयात आलात? लग्न आणि नोकरी, दोन्ही विसरा."

तिकडे फद्दा आत्या मनगटाला साबण चोळत होती. नवरा गेल्यावर दिरांनी जमीन घेतली होती. आत्याकडे राहिल्या होत्या या बांगड्या. बांगडी निघेना, हात लाल झाला, तरी ती ओढत होती. श्रद्धा कुणासाठी काम करतेय, याचं उत्तर बतूलला मिळालं. ती उठली.

"शेख, एक शंका. तो अर्ध्या दाढीवाला दुकानातून पळून का जात नाही?"

"कारण गळ्यातला टॉवेल न्हाव्याचा असतो!"

विनोदाचा शेवट सवयीनं निघून गेला शेखांच्या तोंडातून, आणि तोही अस्सल झरकाच्या बोलीत. मोरोक्को कुठल्या कुठे उडालं.

"बरोब्बर, मुहन्नद! पास कसाबसा झालास, पण विनोद मात्र पाठ आहे."

"पोरी, जीभ आवर!" काका ओरडले. "असेल शिकलेला! नाग काय तुमच्या कॉलेजातून आला?"

प्रश्न रास्त होता. बतूल सरळ नागाकडे गेली.

"हात लावू नकोस!" जिन्नाला घातली नव्हती एवढ्या जोरात शेखांनी हाक घातली.

तिने नाग उचलला. वाळल्या भाकरीपेक्षा हलका. मुठीत चुरला, बोटं काळी झाली. वास आला तो कुनाफा मिठाईचा पाक करपल्यासारखा. नाग निघण्याआधी शेखांनी वाळूवर डबीतली 'पीराच्या कबरीची माती' टाकली होती, ती तिने जिभेवर ठेवली.

"गोड आहे!"

मग मातीवर त्यांनी शिंपडलेल्या 'नारंगीच्या फुलांच्या पाण्या'ची बाटली हुंगली. दवाखान्यात सुई टोचण्याआधी येतो तो वास.

"आत्या, पिठीसाखर दे. आणि फलाफलच्या वड्यांत घालतेस तो सोडा."

वाळूच्या ढिगावर तिने त्याच बाटलीतलं स्पिरिट ओतलं, वर साखर-सोडा ठेवून काडी लावली. उन्हात ज्वाळा दिसेना. पण बघता बघता काळं डोकं वर आलं, मग मान, मग वेटोळं.

"साखरेचा होतो कोळसा. सोड्यातून निघतो वायू, तो कोळशाला फुगवत वर ढकलतो. झाला नाग. शेख नागाला भर दुपारीच का बोलावत होते? आग दिसू नये म्हणून!"

"अगं बाई," मागून एक बाई म्हणाली, "माझ्या फडताळात तर नागांचा बरणीभर सोडा आहे!"

अंगण हसलं. आत्या मात्र हसली नाही. तिने शेखांचा फुगलेला कमरबंद धरून असा हिसका दिला की आतून हुबेहूब तशाच फडक्यात बांधलेलं गाठोडं पडलं. सोडलं तर आत लोखंडी नटबोल्ट. हे खड्ड्यात राहणार होतं आणि बांगड्या झरकाला जाणार होत्या.

"चार वर्षं शिकलो," मुहन्नद फेटा सावरत पुटपुटला. "शिकलेलं वापरणारा आमच्या तुकडीत मी एकटाच आहे."

"माणसं कशाला भितात, कशाची आशा धरतात, हे शिकवलं ते त्यांना समजून घ्यायला. लुटायला नाही."

काही माणसं त्याला धरून पोलीस चौकीकडे निघाली. अबू नायेफ खड्ड्याच्या काठावर बसून राहिला.

"म्हणजे सोनं नाहीच?"

"मला माहीत नाही, काका," बतूल त्याच्याशेजारी बसली. "असेलही. पण ज्याला जमिनीखालचं सोनं दिसतं, तो आत्याच्या हातातलं कशाला मागतो, एवढं तरी विचारायचंत. त्याला पदवी लागत नाही. सगळ्यांसमोर विचारायचं, तो म्हणेल 'हात लावू नका', तर हात लावून बघायचं. आणि पटेल असं उत्तर मिळेपर्यंत बांगडी मनगटातच ठेवायची."