सेहेचाळीस शब्द

“छोट्या, हा बोलत का नाही रे?” ताईने प्लेअर कानाशी धरून हलवला.

 तिचा धाकटा भाऊ छोट्या एकेचाळीस वर्षांचा होता. रक्ततपासणीच्या लॅबमध्ये नळीवर नावाची चिठ्ठी चिकटवण्याआधी दोनदा वाचणारा माणूस अशी त्याची ख्याती होती. 

ताईची नजर गेली त्याला नऊ वर्षं झाली. काचेवर बोट फिरवायचे फोन तिला जमेनात, म्हणून त्याने बटणांचा हा जुना प्लेअर आणला आणि त्यातलं कंपनीचं फर्मवेअर, म्हणजे प्लेअर चालवणारा आतला प्रोग्रॅम, काढून स्वतः बदललेलं घातलं. बटण दाबलं की मेनू बोलायचा. आवाज आईचा. खोकत, हसत, त्याला नावं ठेवत आईने सेहेचाळीस शब्द रेकॉर्ड करून दिले होते. आई जाऊन दोन वर्षं झाली.

आज त्याने नवं फर्मवेअर टाकायला घेतलं. बॅटरी जरा जास्त टिकली असती, एवढंच. मागच्या कव्हरवरचा मॉडेल नंबर त्याने दोनदा वाचला आणि त्या मॉडेलचं फर्मवेअर घातलं. ते कव्हर गेल्या वर्षी त्यानेच एका भंगारातल्या प्लेअरचं काढून बसवलं होतं, हे स्क्रीन पांढरी फटक पडल्यावर आठवलं. तरी तो डगमगला नाही. सगळ्याची कॉपी ठेवली होती. त्याने प्लेअरची मेमरी पुसली आणि बरोबर फर्मवेअर घातलं. प्लेअर सुरू झाला, पण मुका.

कॉपीत गाणी होती, ताईची पुस्तकं होती. आवाजाचा फोल्डर नव्हता. चुकून कुणी पुसू नये म्हणून त्यानेच तो लपवला होता. कॉपी करताना तो दिसलाच नाही. मूळ रेकॉर्डिंगचा कॉम्प्युटर तर कधीच मोडीत गेला होता.

“ताई...”

“अरे बोल ना! तोंडात काय गुळणी धरलीयस?”

“आईचा आवाज पुसला गं माझ्याकडून. एकही शब्द नाही उरला.”

ताईचं हसू तसंच राहिलं, उतरायचं विसरल्यासारखं.

“परत आण की.”

“नाही येत.”

“तू? दोनदा वाचणारा?”

“दोनदाच वाचलं गं.”

 मग ताईच्या अंगठ्याने बटण शोधलं. टक्. “गाणी,” ती म्हणाली. टक्. “पुस्तकं.” टक्. “आवाज कमी कर गं, कान फुटतील.” ‘फुटतील’ जरा ओढून, थेट आईसारखं.

छोट्याने वाकून पाहिलं. स्क्रीनवर नेमका तोच पर्याय होता. त्याने धडपडत फोन काढून रेकॉर्डिंग सुरू केलं. बारीकसा आवाज झाला.

“ठेव तो फोन.”

“अगं, तुला सगळे शब्द येतात! परत आत घालू.”

“नको. तुझ्या हाती परत नाही देणार मी ते.”

ती रागावली नव्हती. फक्त खिडकीकडे वळून बसली. टक्. टक्. शब्द आता तिच्या ओठांतल्या ओठांत होते. त्याला ऐकू येत होतं ते बटण.